पोचल्याचे पत्र

गेल्या पावसाळ्यात काही महाविद्यालयीन मुलांबरोबर मी पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत निघालो होतो. शाहूवाडी तालुक्यातल्या रानात शिरलो आणि मोबाइलची रेंज गेली. पावसाला, चिखलाला, जळवांनाही न भ्यालेला एक मुलगा त्यानंतर मात्र अगदी गप्प झाला. दर चार पावलांनी तो फोन उंच धरून पाही. मला हसू आले.

या भीतीला नोमोफोबिया म्हणतात. हे नाव ब्रिटनमध्ये २००८ साली पडले. २०१५ साली अमेरिकेत ती मोजण्यासाठी २० विधानांची प्रश्नावली तयार झाली आणि पुढे ती देशोदेशींच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली गेली. तिच्यात गैरसोय आहे, माहिती न मिळण्याची रुखरुख आहे. पण घरच्यांना आपल्याशी बोलता येणार नाही, ही धास्तीही आहे.

खिंडीपाशी मी उपदेशाच्या सुरात त्या मुलाला म्हणालो, "अरे, १६६० साली बाजीप्रभू इथे लढले, तेव्हा कुठे होता फोन?"

"पण सर, विशाळगडावरच्या तोफांची वाट तेही पाहतच होते की! घरी आई एकटी आहे माझी."

मी निरुत्तर झालो. मी शिकायला कोल्हापूरला निघालो, तेव्हा वडील एस.टी.च्या खिडकीशी येऊन एवढेच म्हणाले होते, "पोचल्याचे पत्र टाक." ते कार्ड मी आळसाने आठ दिवसांनी टाकले. तोवर वडील रोज पाणंदीच्या तोंडाशी पोस्टमनची वाट पाहत उभे राहत, हे आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले.

तेव्हा भीती नवी नव्हे. पूर्वी पत्र आले नाही, तर माणूस पोस्टाला बोल लावी, पावसाला लावी आणि धीर धरी. आज फोन लागला नाही, की मन थेट अपघातापर्यंत धावते. धीर धरायची सवय आपण गमावली, हे खरेच. परंतु ज्या निर्धास्तपणाचा मला अभिमान वाटत होता, तो वडिलांच्या धास्तीवर उभा होता, हेही तितकेच खरे.

परतताना मलकापूरजवळ रेंज आली. "पोचलो गं आई," एवढेच तो मुलगा बोलला. मी गाडीच्या खिडकीबाहेर पाहत राहिलो. एक कार्ड वेळेवर टाकायला मला काय हरकत होती?