भिंतीची पाठ

वह्या मिटा. मोबाइल दप्तरात टाका. आज नवीन काही शिकवणार नाही. आतापर्यंत शिकवलेलं कुठे गेलं, ते आधी बघायचं आहे.

तुमच्या ड्रॉइंगांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. उताराच्या प्लॉटवर ३ मीटर उंचीची संरक्षक भिंत काढा, एवढंच सांगितलं होतं. भिंती सगळ्यांनी काढल्या आहेत आणि समोरून बघितल्या तर देखण्या आहेत. सळयांचं अंतर बरोबर, कव्हर बरोबर. एकाने वर कठडा काढून त्यावर कुंड्यासुद्धा मांडल्या आहेत. भिंतीच्या मागे मात्र कोरा कागद. कोणी तिथे ‘माती’ असा एक शब्द लिहिलाय, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत. खडीचा थर नाही, नळ्या नाहीत, वरून येणारं पाणी अडवायला चर नाही. भिंत पडते ती मागच्या बाजूमुळे, आणि तीच बाजू तुमच्यापैकी एकाच्याही कागदावर नाही. सगळी ड्रॉइंगं परत मिळतील. मागची बाजू आधी काढायची, मग पुढची. मागे पडलेलं पाणी कुठून, कशातून आणि कुठे बाहेर जातं हे बाणाने दाखवल्याशिवाय मी एकाही कागदावर सही करणार नाही.

पाण्याला एवढं का घाबरायचं, असं तुमच्यातला एक जण कुजबुजला. उभा राहू नकोस, बसूनच आकडे मांड. माती घनमीटरला १८ किलोन्यूटन धर, घर्षणकोन ३० अंश, म्हणजे रँकिनचा गुणांक एक तृतीयांश. ३ मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीला कोरडी माती ढकलते सुमारे २७ किलोन्यूटनने. पावणेतीन टन. आता मागे वरपर्यंत पाणी भरलं असं धर. बुडालेल्या मातीचं वजन हलकं होतं, तिचा जोर १५ च्या आसपास उतरतो. पण पाणी स्वतः ४४ किलोन्यूटनने ढकलतं. बेरीज ५९, म्हणजे ६ टन. भिंत तीच, माती तीच, आणि जोर एका रात्रीत दुपटीच्या वर. मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, म्हणून तिच्या भाराचा एक तृतीयांशच भिंतीवर येतो. पाण्यात असं धरून ठेवणारं काही नसतं, ते पूर्ण भार आडवा टाकतं. वर तेच पाणी पायाखाली शिरून भिंतीला उचलू बघतं, मग घसरण्याला होणारा विरोधही घटतो. मागे पाणी साठू दिलंत की तुम्ही धरण बांधलंत, आणि तेही धरणाचा हिशेब न करता.

हा हिशेब काही काल-परवाचा नाही. कुलोमचं नाव तुम्हाला विजेच्या धड्यातून माहीत आहे. तो मुळात फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर वर्षानुवर्षं किल्ल्याचं बांधकाम केलं, आणि भिंतीमागची माती कशी ढकलते याचा निबंध त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवला. १७७६ मध्ये तो छापून आला. रँकिनची मांडणी १८५७ ची. आपल्या मानकांमध्ये डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी आयएस १४४५८ आहे, त्याचा एक स्वतंत्र भाग कोरड्या दगडी भिंतींवर आहे. लायब्ररीत आहे. तो किती जणांनी उघडला, हे मी विचारणार नाही, तुमच्या ड्रॉइंगांनी ते सांगितलंच आहे.

‘सर, मालक म्हणतो एक फूट वाढवा, तेवढ्याने काय होतंय.’ ३ मीटरच्या भिंतीला एक फूट चढवला तर तिला उलथवणारा जोर एक तृतीयांशाने वाढतो, कारण उलथवण्याचा जोर उंचीच्या घनाबरोबर चालतो. उंची दुप्पट केलीत तर तो आठपट होतो. मालकाला हे माहीत नसणारच. त्याला सांगण्यासाठीच तर तुम्हाला डिप्लोमा मिळणार आहे.

आता आपण बघायला गेलो होतो त्या साइटवर जे झालं त्याबद्दल.

तिथल्या बंगल्याच्या संरक्षक भिंतीत मागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या होत्या. दोन ओळींत, रांगेने, पांढऱ्या पीव्हीसीच्या. तुम्ही वहीत लिहून घेतलंत, ‘वीप होल आहेत’. मी एका नळीत सळई घालायला सांगितली. चार बोटं आत गेली आणि टक्‌ आवाज करून थांबली. दुसरीतही तेच, तिसरीतही तेच. भिंत ओतून झाल्यावर कोणीतरी समोरून भोकं पाडून नळ्यांचे तुकडे मसाल्यात बसवले होते. बिल पास झालं, फोटो निघाला. आणि तुमच्यातले चार-पाच जण हसले.

त्या हसण्यासाठी हा तास आहे. त्या भिंतीखाली घर आहे. पत्र्याचं, एका खोलीचं, आणि त्या खोलीची मागची बाजू भिंतीपासून हातभर अंतरावर. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. तुम्ही तिथून चालत आलात, तुम्हाला ते दिसलं नसेल असं मी मानत नाही. खोटी नळी ही लबाडी आहे, आणि ती लबाडी त्या खोलीत झोपणाऱ्यांच्या जिवावर केलेली आहे. ज्याने ती केली तो कधीतरी तुमच्यासारखाच बाकावर बसून शिकला असेल, म्हणून मला तिचा जास्त राग येतो.

२९ जून २०१९, पुण्यात कोंढवा. मध्यरात्र उलटून गेली होती, पाऊस चालू होता. एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या शेडवर कोसळली आणि १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. त्यानंतर दोन-तीन दिवसांत आंबेगावात तसंच झालं, ६ मजूर गेले. त्याच सुमाराला मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर आली, तीसच्या आसपास माणसं गेली. १८ जुलै २०२१ ला चेंबूरमध्ये वाशी नाक्याजवळ पुन्हा तेच. दर वेळी तेच चित्र: रात्र, मुसळधार पाऊस, वर भिंत, खाली गरिबाची खोली. दर वेळी चौकशीही बसते. चौकशी बसण्याआधी तिथे कोणी तरी ड्रॉइंग काढलेलं असतं, कोणी तरी देखरेख केलेली असते. आणखी दोन वर्षांनी ते ‘कोणी तरी’ तुम्ही असणार आहात.

कंपाउंडची भिंत आणि संरक्षक भिंत यांतला फरक तुम्हाला पहिल्या वर्षी सांगितलाय. कंपाउंड स्वतःचं वजन आणि वारा पेलायला असतं. पण उताराच्या प्लॉटवर काय होतं, ते गावोगाव बघा. आधी नऊ इंची कंपाउंड बांधतात. मग अंगण सपाट हवं म्हणून आतून भराव टाकतात. एक फूट, दोन फूट, करता करता छातीपर्यंत. भिंतीला कोणी विचारत नाही. त्या दिवसापासून ती संरक्षक भिंत झालेली असते आणि तिच्यात तशी एकही गोष्ट नसते, ना पाया रुंद, ना मागे खडी, ना सळई. असा भराव टाकताना दिसला तर काम थांबवायला सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे. वाईटपणा घ्यावा लागला तर घ्या.

आता लिहून घ्या, आणि या वेळी नीट. भिंतीच्या पाठीला लागून निदान ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर, तळापासून वरपर्यंत. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड किंवा प्रतवारी केलेली वाळू, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाळ बसून खडी बुजते. तळाशी भोकांची आडवी नळी, ढाळ देऊन भिंतीच्या टोकाला बाहेर काढलेली. वीप होल ७५ ते १०० मिलिमीटरची, एक ते दीड मीटर अंतराने, वरच्या-खालच्या ओळी एकाआड एक, नळीला बाहेरच्या बाजूला उतार, आणि आतलं तोंड खडीत उघडणारं. नळ्या काँक्रीट ओतण्याआधी बसवायच्या, नंतर नाही. भराव मुरमाचा, वीस सेंटिमीटरच्या थरांनी दाबलेला. भिंतीलगत मोठा रोलर नको, हाताने चालवायचं यंत्र वापरा. काळी माती भरायचीच नाही. ती भिजली की फुगते आणि पाणी सोडत नाही. त्या साइटवर भरावात रिकाम्या सिमेंटच्या गोण्या, नारळाची सोडणं आणि फरशीचे तुकडे होते. सोडणं कुजली की तिथे पोकळी होते आणि वरची जमीन खचते.

भिंतीच्या वरच्या बाजूला, डोंगराकडे, पाणी वळवणारा पक्का चर हवा. एक गुंठा जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होतं. एक पूर्ण टँकर. कोकणात तेवढा पाऊस एका दिवसात पडणं नवलाचं नाही. वरच्या दहा गुंठ्यांचं पाणी तुमच्या भिंतीमागे येऊ दिलंत, तर कोणतीही नळी पुरी पडणार नाही. आपल्याकडे जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो. पाणी जांभ्यातून झिरपून त्या थरावर येऊन थांबतं आणि तिथूनच उतार सरकतो. पाया जांभ्यावर टेकला म्हणून निश्चिंत राहू नका, खाली काय आहे ते खड्डा घेऊन बघा.

आपल्या जुन्या माणसांना रँकिन माहीत नव्हता, पण त्यांचे गडगे बघा. चुना नाही, सिमेंट नाही, तळाशी रुंद, वर निमुळते, तोंड डोंगराकडे थोडं झुकलेलं, मध्ये मध्ये आरपार जाणारे लांब दगड. प्रत्येक सांध्यातून पाणी वाहतं, म्हणून मागे साठत नाही. आणि हल्ली काय करतात? चांगला उभा असलेला गडगा ‘मजबूत’ करायचा म्हणून सिमेंटने दरजा भरून घेतात, वर गिलावा मारतात. पाण्याच्या सगळ्या वाटा एका दुपारी बंद. मग पुढच्या पावसात त्याला पोट सुटतं आणि लोक म्हणतात, जुनं बांधकाम होतं, पडायचंच. त्यात जुन्याचा काही दोष नाही. असं काम तुमच्या हातून झालेलं मला कळता कामा नये.

भिंत बांधून दिली की काम संपत नाही. मालकाला लेखी द्या: भिंतीमागे शोषखड्डा घ्यायचा नाही, पाण्याची टाकी बसवायची नाही, गाडी कडेला लावायची नाही. चौरस मीटरला एक टन भार वर आला की मागे अर्धा मीटर माती वाढवल्यासारखं होतं, आणि तो हिशेब तुम्ही धरलेला नसतो. खालच्या शेजाऱ्याने भिंतीच्या पायाशी जेसीबी लावला तर तो थांबवा. पायापुढची मातीच भिंतीला सरकू देत नाही. आणि मेच्या शेवटी डोंगर उभा कापून ‘पावसानंतर भिंत घेऊ’ म्हणणाऱ्याचं काम घेऊच नका. उपाशी राहाल, चालेल.

‘क्लायंट खडीचे पैसे देत नाही’ हे कारण मला कोणी सांगायचं नाही. तो सळयांचे देतो, कठड्याचे देतो, गेटवरच्या दिव्यांचे देतो. खडी पुरली जाते, दिसत नाही, म्हणून तिच्यावर कात्री चालते. त्याने नकार दिला तर तुम्हीही सहीला नकार द्या. सही तुमची आहे.

पाऊस लागला की प्रत्येकाने आपापल्या गावातली एक संरक्षक भिंत बघून यायची. जोराच्या सरीनंतर जा. नळ्यांतून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे. धो धो पावसातही नळ्या कोरड्या असतील, भिंतीला मधोमध फुगवटा असेल, खालच्या तिसऱ्या भागात आडवी भेग असेल किंवा वरच्या जमिनीला भिंतीला समांतर चीर गेली असेल, तर वहीत नोंद करत बसू नका. खाली राहणाऱ्यांच्या दारात जा, त्यांना त्या रात्री तिथे झोपू नका म्हणून सांगा, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या.