वेचलेले आणि घालवलेले

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका स्नेह्यांच्या दफनविधीला आम्ही गेलो होतो. दफनभूमीतून परतल्यावर नागपूरच्या सदर भागातील त्यांच्या लहानशा घरी मंडळी जमली. चहा झाला, थोडी शांतता पसरली आणि मग एक वृद्ध गृहस्थ हळहळून म्हणाले, "भला माणूस होता. पण सगळं आयुष्य फुटबॉलमध्ये घालवलं हो!" उपस्थितांनी माना डोलावल्या. खोटे कशाला बोला, आम्हीही डोलावली. घरी येताना मात्र ते क्रियापद आमच्या मागे लागले.

मराठी भाषेची या बाबतीतली व्यवस्था मोठी कडक आहे. संगीतासाठी आयुष्य 'वेचतात', संशोधनासाठी वेचतात, समाजसेवेसाठी तर वेचतातच. पत्त्यांत, दारूत, कोर्टकचेऱ्यांत मात्र आयुष्य 'घालवतात'. वर्षे तीच, घाम तोच, घरच्यांची ओढाताणही पुष्कळदा तीच. मग क्रियापद कोण ठरवते? आमचे स्नेही भारताच्या संघातून दोनचार सामने खेळले असते, तर त्याच गृहस्थांनी त्याच खुर्चीवर बसून 'फुटबॉलसाठी आयुष्य वेचले' असे म्हटले असते, याविषयी आम्हांला शंका नाही. म्हणजे वर्षे कशी खर्च झाली यावरून नव्हे, तर शेवटी हाती काय आले यावरून आपण ती वेचली की घालवली हे ठरवतो. हा न्याय आहे काय?

ते आघाडीला खेळत, म्हणजे स्ट्रायकर होते. जिल्हा लीगमध्ये अनेक वर्षे, स्पर्धांच्या दिवसांत सामन्यामागे ठरलेले पैसे घेऊन दुसऱ्या गावच्या संघाकडून, आणि मध्ये दोन हंगाम बाहेरच्या शहरातील एका क्लबकडून करारावर. त्याहून वर ते गेले नाहीत. गुडघा गेला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. पुढे एका शाळेत हंगामी क्रीडाशिक्षक झाले आणि 'हंगामी' हा शब्द त्यांच्या नावामागून शेवटपर्यंत सुटला नाही.

स्ट्रायकरचा धंदा तसा क्रूरच. नव्वद मिनिटांतील बहुतेक वेळ चेंडू त्याच्याकडे नसतोच. तो धावतो ते चेंडूसाठी नव्हे, चेंडू येईल अशा जागेसाठी; आणि दहा वेळा धावावे तेव्हा एकदा चेंडू येतो. बचावपटूने दिवसभर चोख काम केले तर त्याची कोठे नोंद होत नाही, पण त्याच्यावर डागही राहत नाही. स्ट्रायकरच्या नावापुढे मात्र एक आकडा असतो आणि त्या आकड्यावरून कोणीही, ज्याने त्याला कधी पाहिलेले नाही असा माणूससुद्धा, त्याची किंमत करू शकतो. दोन सामन्यांमागे एक गोल करणारा खेळाडू जगात कोठेही उत्तम गणला जातो. याचा अर्थ उत्तमातला उत्तमही पुष्कळ संध्याकाळी रिकाम्या हातांनीच घरी जातो. आमच्या स्नेह्यांना आपले गोल फारसे आठवत नसत. पाऊस थांबल्यावर नागपूरची काळी माती वाळून दगडासारखी होते. तशा एका मैदानावर उपांत्य सामन्यात टप्पा चुकून चेंडू त्यांच्या नडगीवर आदळला आणि गोलखांबाबाहेर गेला. तो एक चेंडू त्यांना तीस वर्षे आठवत होता.

नागपूरकडे फुटबॉल हा काही कालपरवाचा पाहुणा नाही. १८२१ मध्ये वसलेली कामठीची लष्करी छावणी, रेल्वे आणि मिशनच्या शाळा या परिसराच्या आसऱ्याने तो येथे रुजला. कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या संघांचे सामने पाहण्यास सायकलींवरून गेलेल्या माणसांची एक पिढी आमच्या ओळखीची आहे. त्या काळी खेळाडूचे ध्येय 'व्यावसायिक' होण्याचे नसे. रेल्वे, पोलीस, बँका, वीज मंडळ यांतील कोणाच्या तरी नजरेत भरावे आणि खेळाडूंच्या राखीव जागेवर कायमची नोकरी लागावी, हे ध्येय. सकाळी सराव, दुपारी कचेरी. कचेरीतील कामाबद्दल सहकारी काय म्हणत ते येथे सांगण्याचे कारण नाही. पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. शरीर खेळाला दहा-बारा वर्षे देते आणि माणसाला त्यानंतर आणखी तीस-चाळीस वर्षे जगायचे असते, हे तिने हिशेबात धरलेले होते. बत्तिशीला बूट टांगून ठेवणाऱ्याला अठ्ठावन्नपर्यंत पगार आणि पुढे निवृत्तिवेतन होते. अर्थात जागा थोड्या. निवडीत दुसरा आला त्याला काही नाही. आमचे स्नेही दोनदा दुसरे आले.

मग काळ बदलला. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग. खेळाडू कचेरीतून सुटला आणि करारात अडकला. करार हंगामाचा, फार तर दोन-तीन हंगामांचा. आणि क्लबचे आयुष्य मालकाच्या मर्जीइतके. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबचा जे.सी.टी. संघ २०११ मध्ये बंद झाला. त्याच्या एक वर्ष आधी मुंबईचा महिंद्र युनायटेड मिटला. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. कारण लक्षात घेण्याजोगे आहे: सुपर लीग वरची आणि आय-लीग खालची, अशी रचना होऊ घातली होती. नावाजलेल्या क्लबांना खालच्या पायरीवर उभे राहण्यापेक्षा न खेळणे पसंत पडले! खालच्या श्रेणीत खेळणे ही नामुष्की आहे असे संस्थाच मानत असतील, तर तेथे खेळणाऱ्या माणसाने स्वतःविषयी काय मानावे? पुढे २०२३ च्या अखेरीस आय-लीग तीन ही आणखी खालची पायरी तयार झाली. आणि वरची पायरी तरी पक्की आहे म्हणावे, तर २०२५ च्या जुलैत व्यावसायिक हक्कांच्या करारावरून सुपर लीगच पुढे ढकलली गेली आणि तिच्यातील काही खेळाडूंचे पगारही थांबले.

अशा वेळी तरुणांना धीर द्यायला एक कथा हटकून सांगितली जाते, ती जेमी वार्डीची. शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी 'अंगाने लहान' म्हणून सोडून दिलेला हा मुलगा स्टॉक्सब्रिज या छोट्या संघाकडून आठवड्याला तीस पौंडांवर खेळत होता आणि दिवसा वैद्यकीय आधारपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होता. तेथून हॅलिफॅक्स, फ्लीटवुड, आणि २०१२ मध्ये दहा लाख पौंडांना लेस्टर. २०१५-१६ च्या हंगामात त्याने सलग अकरा सामन्यांत गोल केले आणि लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. कथा खरी आहे, सुंदर आहे. पण ती ऐकताना आम्हांला नेहमी वाटते, की स्टॉक्सब्रिजच्या त्या संघात आणखी दहाजण होते. त्याच चिखलात, त्याच तीसेक पौंडांवर ते धावत होते. वार्डी वर गेला म्हणून त्याची ती वर्षे 'तपश्चर्या' झाली. बाकीच्या दहांची काय झाली? जिन्याची गोष्ट सांगताना आपण विसरतो, की ज्याला आपण पायरी म्हणतो ती बहुतेकांसाठी राहण्याची खोली असते.

आमच्याच नागपुरात या प्रश्नाला एक निराळे उत्तर मिळाले आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतील मुले पाहिली, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या 'झुंड' चित्रपटामुळे ती घरोघरी पोहोचली. त्या चळवळीतून घडलेला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओ द जानेरो येथे बेघरांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा कर्णधार होता. या स्पर्धेचा एक नियम आम्हांला विलक्षण वाटतो: कोणत्याही खेळाडूला आयुष्यात एकदाच तिच्यात खेळता येते. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्याची. तेथे कारकीर्द नावाची गोष्टच नाही. त्यामुळे त्या मुलांपैकी कोणीही 'आयुष्य घालवले' असे म्हणण्याची सोय उरत नाही.

पण येथेही आमचे मन थोडे अडखळते. खेळाला आपण दोनच सबबींवर माफी देतो असे दिसते. एक तर त्यातून कीर्ती आली पाहिजे, नाही तर त्यातून कोणी सुधारला पाहिजे. मुलगा व्यसनातून सुटला, खेळ कारणी लागला. जो मुळात वाईट मार्गाला लागलेलाच नव्हता आणि जो राष्ट्रीय संघातही पोहोचला नाही, त्याच्या खेळासाठी आपल्याजवळ शब्दच नाही. वास्तविक त्याने काम केले होते. शनिवार-रविवारी मैदानाभोवती उभ्या असलेल्या तीन-चारशे माणसांना त्याने एक दुपार दिली. हमाल, कारकून, रिक्षावाले, शाळेतली पोरे ओरडली, भांडली, हसली आणि घरी गेली. आमच्या चर्चच्या गायनवृंदाला 'तुम्ही आकाशवाणीवर का गेला नाहीत' असे कोणी विचारत नाही. रविवारची उपासना सुरेल झाली, एवढ्यावर आपण त्यांचे ऋणी असतो. मैदानाला मात्र हा न्याय आपण लावत नाही.

येथपर्यंत आलो आणि आम्हांला आमच्याच युक्तिवादाची भीती वाटली. कारण 'वर्षे वाया गेली नाहीत, आनंद तर मिळाला ना?' हे वाक्य सर्वांत जास्त कोणाच्या सोयीचे आहे? पैसे बुडवणाऱ्याच्या. खेळाडूचे खेळावर प्रेम आहे हे ज्याला ठाऊक असते, तो त्या प्रेमालाच पगारातून वजा करतो. फिफप्रो या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये सुमारे १४ हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४१ टक्क्यांना आधीच्या दोन वर्षांत पगार वेळेवर मिळाला नव्हता. हे वर्तमानपत्रांत झळकणारे धनाढ्य खेळाडू नव्हेत. ही खालच्या खोल्यांत राहणारी मंडळी. आमच्या स्नेह्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या बाहेरगावच्या क्लबने करायची होती. ती झाली नाही. करार संपला होता, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे कित्येक वर्षे घर चालले ते त्यांच्या पत्नीच्या शिवणयंत्रावर. त्यांनी आयुष्य वेचले असे आज आपण गौरवाने म्हणावे, तर त्यांच्या पत्नीने काय वेचले, आणि त्यांना कोणी विचारले होते?

म्हणून या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत असे आम्हांला वाटते. ज्याच्या श्रमाला आपण काम म्हणत नाही, त्याला मोबदला देण्याची गरज आपल्याला भासत नाही. आणि ज्याला मोबदला मिळाला नाही, त्याचे आयुष्य फुकट गेले असे म्हणायला आपण मोकळे. 'घालवले' हे क्रियापद त्या माणसावर जितके अन्याय करते, तितकेच ते बाकीच्या सर्वांना बिनबोभाट सोडून देते. घालवणारा एकटा तोच, आपण कोणीच नाही. पण मैदानाबाहेर उभे राहून तिकिटाविना सामना पाहणारे आम्हीही होतोच की. सामना संपल्यावर वर्गणीची टोपी फिरे, तेव्हा आमचा हात खिशातून किती वेळा बाहेर आला, ते आम्हांला पक्के आठवते; म्हणून लिहीत नाही.

दफनविधीनंतर आठवड्याने आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. ते गृहस्थ काय बोलले ते त्यांच्या पत्नीनेही ऐकले होते. त्यांना राग आलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "मी तर जन्मभर त्यांच्याशी यावरूनच भांडले. पण ते खेळायचे, तेव्हा मी मैदानावर जायची. एकही सामना चुकवला नाही." एवढे बोलून त्या चहा टाकायला उठल्या. त्यांचे भांडण आणि त्यांचे जाणे यांतले खरे काय, हे आम्ही विचारले नाही. दोन्ही खरे असणार.

त्याच गल्लीत पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. डाव्या पायाचा आणि वाऱ्यासारखा. पुण्याकडच्या एका क्लबने त्याला निवडचाचणीसाठी बोलावले आहे. परवा त्याने आम्हांला रस्त्यात गाठले. "काका, जाऊ का?" त्याच्या आईने आमच्याकडे धाडले असावे, आणि आम्ही 'नको' म्हणावे अशी तिची अपेक्षा असावी. आम्ही त्याला वार्डीची कथा सांगितली नाही आणि आमच्या स्नेह्यांचीही नाही. कागद मागितला. करार किती महिन्यांचा, हंगाम संपल्यावरच्या महिन्यांत पैसे मिळणार की नाही, दुखापतीचा खर्च कोणी करायचा, दहावीची परीक्षा कोठून द्यायची, हे सर्व त्यात लिहिलेले आहे काय, ते पाहिले. अर्ध्या गोष्टी नव्हत्या. त्या आम्ही पेन्सिलीने समासात लिहून दिल्या आणि आईला घेऊन ये, तिघे बसून वाचू, असे सांगितले. जाता जाता त्याला विचारले, येत्या रविवारी त्याचा सामना किती वाजता आहे.