बावीस मिनिटं शिल्लक

चि. भाचीस,


रविवारी रात्री तुझा निरोप वाचला, सोमवारी फोनवर बोललो, तरी सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज सकाळी चहा झाल्याबरोबर कागद पुढ्यात घेतला. सायकलवर पुण्याहून पाचगणी आणि परत, २०० किलोमीटर, १३ तास ८ मिनिटांत! तुझ्या आईला कळवलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "वाटेत खाल्लं का तिनं काही?" म्हटलं, अगं, खाल्लं म्हणून तर पोचली.

पण तुझ्या निरोपातलं एक वाक्य मला टोचत राहिलं. तू लिहिलंस, "मी शेवटून दुसरी आले, कुणाला सांगायला लाज वाटते." हे तू मनातून काढून टाकावंस म्हणून हे पत्र.

ब्रेव्हे, म्हणजे तू केलीस ती ठरल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकलस्वारी, ही शर्यत नाही. कागदावर तर नाहीच, पण तिच्या रचनेतच नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. एवढ्या वेळात जो आला त्याचं ब्रेव्हे झालं. आठ तासांत आलेल्याला जो दाखला, तोच १३ तास २९ मिनिटांनी आलेल्याला. उलट फार जोरात जाणाऱ्यालाही इथं अटकाव आहे: कंट्रोल, म्हणजे वाटेतलं शिक्क्याचं ठिकाण, ठरल्या वेळेआधी उघडतच नाही, म्हणजे वाऱ्यासारखा गेलास तर शिक्का मारणारा येईपर्यंत थांब. तुझ्या निकालाची नोंद आता नियम ठरवणाऱ्या पॅरिसच्या क्लबकडे जाईल आणि तुला एक क्रमांक मिळेल. तो नोंदणीचा आकडा आहे, त्यावरून कोण आधी आलं आणि कोण नंतर हे कळत नाही.

हे असं का, त्याला इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो. १८९१ साली पिएर जिफार नावाच्या एका पत्रकारानं पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्तपर्यंत आणि परत अशी १२०० किलोमीटरची सायकल शर्यत घेतली. शार्ल तेराँ नावाचा गडी झोप न घेता ७१ तास २२ मिनिटांत परत आला. ती मात्र खरीखुरी शर्यत. पुढं १८९७ मध्ये इटलीत काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे २३० किलोमीटर एका दिवसाच्या उजेडात पार करायचं मनावर घेतलं. त्यांच्यासाठी वापरला गेलेला शब्द 'ऑडॅक्स', म्हणजे धाडसी. फ्रान्समध्ये ती टूम पोचली तेव्हा सगळ्यांनी घोळक्यानं, पुढच्या कप्तानाच्या वेगानं जायचं अशी रीत होती. आणि मग १९२१ मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबनं ती रीत बाजूला ठेवून २०० किलोमीटरचं पहिलं ब्रेव्हे घेतलं ते 'आपापल्या चालीनं' जाण्याचं. फ्रेंचमध्ये त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ हाच. जो तो आपल्या चालीनं, फक्त वेळ पाळायची. तू रविवारी जे केलंस ते शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कल्पनेला धरून केलंस. मग लाज कसली?

आता माझी गोष्ट. ही तुला मी कधी सांगितली नाही, तुझ्या मामीलाही निम्मीच माहीत आहे.

२०१४ च्या डिसेंबरात मी याच रस्त्यावर पहिल्यांदा २०० ला उतरलो. वयाची पन्नाशी उलटलेली, पण शाळेपासून सायकल चालवलेली, त्यामुळं स्वतःबद्दल भलताच विश्वास. सकाळी सहाला निघालो. थंडी होती, पायात जोर होता. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ कसं मागं पडलं कळलं नाही. शिरवळला बरोबरचे दोघे मिसळ खायला थांबले, मीही बसलो. गप्पा रंगल्या. उठलो तेव्हा ४५ मिनिटं झाली होती. काय फरक पडतो, भरून काढू, असं म्हणत खंबाटकी चढलो आणि सुरूर फाट्याच्या अलीकडं मागचं चाक बसलं.

हे नीट वाच, कारण हायवेवर सायकल चालवणाऱ्याला हे ठाऊक हवंच. रस्त्याच्या कडेला ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात. त्यांच्यातून पोलादी तारेचे बारीक तुकडे सुटतात, केसापेक्षा थोडेच जाड. खिळा दिसतो, काच दिसते, ही तार दिसत नाही. मी घाईघाईनं चाक काढलं, जुनी ट्यूब ओढून काढली, नवी घातली, पंप मारला, निघालो. अठरा मिनिटं. टायरच्या आतून बोट फिरवून पाहिलं, हाताला काही लागलं नाही, म्हटलं जाऊ दे. चार किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं. तार तिथंच होती ना! टायर हवेनं फुगला की तिचं टोक आत येणार, हवा गेली की ते रबरात दबून बसणार. आता जवळ दुसरी ट्यूब नाही. मग ठिगळ. रस्त्याकडेच्या एका टपरीवाल्यानं भांडी विसळायची घमेली पुढं सरकवली, तीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधले.

त्या दिवशी शिकलो ती युक्ती तुला सांगतो. ट्यूब काढताना टायरचं नाव छापलेली जागा आणि व्हॉल्व्ह एका रेषेत आहेत ना, हे पाहून ठेवायचं. आणि बसवतानाच ती तशी बसवायची. मग ट्यूबला भोक सापडलं की ट्यूब टायरवर धरायची, व्हॉल्व्हपासून भोक किती वीत लांब आहे ते मोजायचं, आणि टायरमध्ये नेमक्या तेवढ्याच अंतरावर तार शोधायची. तीन बोटांच्या जागेत शोधणं आणि अख्ख्या चाकात शोधणं यात फरक आहे की नाही? टायर तिथं दुमडला की तारेचं टोक वर येतं. काटे काढायच्या चिमट्यानं ते ओढायचं. माझी तार निघाली ती जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. ती मी सायकलच्या पिशवीत चिकटपट्टीला डकवून ठेवली होती, अजून आहे.

दुसऱ्या पंक्चरला २८ मिनिटं गेली. मग वाई, आणि वाईनंतर पसरणी घाट. बारा-तेरा किलोमीटरचा चढ, वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १३०० च्या. अर्ध्या घाटात खाली धोमचं पाणी चकाकताना दिसतं, पण मी त्या दिवशी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. पाचगणीचं कंट्रोल निघाल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी, म्हणजे १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होणार होतं. मी पोचलो १२ वाजून ५१ मिनिटांनी.

टेबलाशी बसलेल्या स्वयंसेवकानं कार्ड हातात घेतलं, घड्याळ पाहिलं, आणि काही न बोलता पाण्याची बाटली पुढं केली. त्याचा मला आजही राग नाही. नियम होता आणि तो सगळ्यांना सारखा होता. मी पसरणी उतरलो, वाईच्या स्टँडवर सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि स्वारगेटला येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसलो. रस्त्यानं परतणारे सायकलवाले एकामागून एक दिसत होते. एकेकाचा मागचा लाल दिवा लुकलुकत मागं पडत होता आणि दर वेळी घशाशी काहीतरी येत होतं.

घरी आल्यावर हिशेब मांडला. चाकं फिरत होती ५ तास २० मिनिटं. उभा होतो ९१ मिनिटं. म्हणजे मी हळू नव्हतो गं. मी थांबलो फार.

आता तुझा हिशेब बघ. तू पाचगणीला १२ वाजून ५ मिनिटांनी पोचलीस, ३५ मिनिटं हातात ठेवून. शेवटच्या वळणावर उतरून सायकल ढकलत नेलीस, त्याचंही तुला वाईट वाटलंय. नको वाटून घेऊस. चढावर तासाला सहाच्या वेगानं पायडल मारत झोकांड्या खाण्यापेक्षा साडेपाचच्या वेगानं चालणं पाठीला आणि गुडघ्यांना बरं. ब्रेव्हेच्या नियमात चालायला बंदी नाही. तू कुठंही पंधरा मिनिटांच्या वर थांबली नाहीस. हे तू कुणाकडून शिकलीस माहीत नाही, मला शिकायला एक अख्खा दिवस हरावा लागला. पुढच्या वर्षी मी ते पुरं केलं, पण ती गोष्ट सांगण्यासारखी नाही, त्यात काहीच बिघडलं नाही.

आणि गुळपोळी! संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्यांचे चार-चार तुकडे करून मागच्या खिशात ठेवलेस, दर पाऊण तासाला एक तोंडात टाकलास, हे वाचून मला काय आनंद झाला सांगू. लोक परदेशी जेलची पाकिटं शोधत फिरतात. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो तो काही तासांच्या कष्टात संपत येतो. तो संपला की माणूस बसल्या जागी रिकामा होतो, डोळ्यांपुढं धुकं येतं, रडू येतं, साधी बेरीज जमत नाही. तू खंबाटकीच्या पायथ्याच्या खंडाळ्याच्या अलीकडं रडलीस, ते त्यातलंच असणार. तू लिहिलंयस की त्याआधीचा दीड तास खायचं विसरलीस. भूक लागल्यावर खायचं म्हणजे उशीर झालेला असतो. मनानं हात टेकलेत असं वाटलं की आधी गूळ-शेंगदाणे खा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पी, दहा मिनिटं हळू चालव. मग विचार कर, हरलो की नाही.

बोगद्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण मला त्या वाचून पोटात गोळा आला. परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की लगेच उतार आणि ते एस आकाराचं वळण. तिथं आजवर किती अपघात झालेत. त्यात थकलेले हात आणि तुझा मागचा दिवा बंद पडलेला. दिवा नाही तर पुढं जाता येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं आणि तू बोगद्याआधी बाजूला थांबलीस, याबद्दल तुला मी पहिल्यांदा शाबासकी द्यायला हवी होती. वेळ तुटत असताना थांबायला धीर लागतो.

तो कोल्हापूरकडचा सायकलवाला, ज्याचं नाव विचारायलाही तुला सुचलं नाही, त्यानं जवळचा जादा दिवा काढून तुझ्या सीटखाली बांधला आणि शिरवळपर्यंत तुझ्या मागं राहिला. त्याची वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. ब्रेव्हेत मागून गाडी ठेवायला मनाई आहे, घरच्यांनी कंट्रोल सोडून कुठंही मदत करायची नाही. पण एका सायकलवाल्यानं दुसऱ्याला मदत करायला काही आडकाठी नाही. त्यामुळं तिथं माणसं एकमेकांकडं पाहतात, एरवी हायवेवर कोण कुणाकडं पाहतं? तो दिवा परत कसा द्यायचा असं विचारलंस. आयोजकांकडं दे, ते पोचवतील. आणि तू स्वतः दोन घे. एक लागतो, एक दुसऱ्याचा बंद पडतो तेव्हा.

बोटांना मुंग्या येतायत म्हणालीस. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ना? हँडलवर तळहात एकाच जागी रेलून राहिला की तिथून जाणारी नस दबते. बहुधा काही दिवसांत जाईल, पण आठवड्यानंतरही राहिलं तर डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस. हँडल थोडं वर घे आणि दर दहा मिनिटांनी पकड बदल. तोवर सायकल धुऊन, चेन पुसून, तेल घालून ठेव.

तू शेवटी विचारलंस, ३०० करू का. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या जोडीनं अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली, तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी माणसांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या. तेव्हा कर असंच म्हणेन. पण ३०० मध्ये रात्र असते. आधी एकदा रात्री नऊ ते पहाटे दोन असं माझ्याबरोबर चालवून बघ. मी आता तासाला पंधराच्या वर जात नाही, तुला चालेल ना?

होळीला वाईकडं येणार आहेस असं तुझी आई म्हणाली. येताना तुझं कार्ड आण. माझं २०१४ चं कार्ड मी देवघराच्या कपाटात ठेवलंय. त्यावर पुण्याचा एक शिक्का आहे आणि पुढचे चौकोन कोरे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून मला एकदा बघायचीत. मग सकाळी ऊन चढायच्या आत पसरणी चढू, आणि या खेपेला अर्ध्या घाटात थांबून धोमचं पाणी बघू.

तुझा,
मामा