साभिमान स्थान आणि साधकाचे अवस्थान

आचार प्रकरणात सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी साधकास मातापूर व कोल्हापूर येथे जाण्याचा निषेध केला असून, ती स्थाने साभिमान आहेत असे कारणही दिले आहे. लीळाचरित्रातून केसोबासांनी वेचलेल्या सूत्रांतील हे वचन सर्वांच्या मुखी असते. परंतु पंचगंगेकाठच्या कसबा बावड्यातील एखादा वासनिक आपली रिकामी जागा दाखवून 'येथे आश्रम करावा, महात्म्यांनी येथेच राहावे' अशी विनंती करतो, तेव्हा त्या वचनाचा खरा विचार पडतो. त्याची वृद्ध माता प्रवासास असमर्थ असते. शास्त्रश्रवणावाचून तिचा देह पडावा काय, हा त्याचा प्रश्न असतो.

'निषेध नगराचा, बावडा हे निराळे गाव' हे उत्तर सोपे आहे. आज बावडा महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. म्हणजे सरकारी हद्द सरकली की सूत्राचा अर्थही सरकावा! असला अर्थ पळवाट होय.

देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त. जेथे देवतेचा अभिमान आहे तेथे ती साधकास विघ्न करते. त्यात देवतेचा द्वेष नाही, अनन्यतेचे रक्षण आहे. यावर शंका येते की, श्रीदत्तात्रेयप्रभूंची भिक्षा कोल्हापुरी आणि निद्रा मातापुरी, मग भक्तास ती स्थाने निषिद्ध कशी? ईश्वराचे चरित्र स्मरणासाठी आहे, आचरणासाठी त्याची आज्ञा आहे. माहुरास देवदेवेश्वरी जाणारा भक्त ईश्वरसंबंधास नमस्कार करून परततो; तेथे बिऱ्हाड करणे ही गोष्ट निराळी.

आणि अभिमान काय देवतेलाच असतो? अटण, विजन, भिक्षा या क्रमात साधकाचे घर कोठेच ठरत नाही. आश्रमात कोठार होते, दारावर पाटी लागते, आणि काही वर्षांत महात्मा 'आमचा आश्रम' म्हणू लागतो. मग कोल्हापूर कशाला, विदर्भातील आडगावही साभिमान होते. तरी आश्रम सर्वथा त्याज्य नव्हे. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यादी मंडळी ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिलीच. वृद्धांची शुश्रूषा, पोथ्यांचे रक्षण, अध्ययन यांस अवस्थान लागते. तेथे राहणे सेवेपुरते होते, हा भेद मात्र मोठा.

बावड्याच्या वासनिकास घर सोडण्याची आज्ञा नाही; नामस्मरण त्यास तेथेही आहे. त्याच्या मातेसाठी एखाद्या महात्म्याने जावे, शास्त्र निरूपावे, त्याच दिवशी परतावे. यात निषेधभंग घडतो काय? घडतो. त्याचा अनुताप करावा, प्रायश्चित्त घ्यावे. जागेचे खरेदीखत मात्र करू नये. कारण त्या कागदावर सही करणाऱ्यास आपण काही मोडले असे वाटतच नाही, आणि त्याच्यामागून येणाऱ्या शिष्यास तर ते गुरूचे कार्यच वाटते.