पापणीची घडी

मनुष्याने आपला चेहरा बदलून घ्यावा काय? प्रश्न जुनाच आहे. दक्षिण कोरियात तो पापणीच्या एका घडीपाशी येऊन ठेपला आहे. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांच्या वरच्या पापणीवर घडी नसते. टाके घालून अथवा छेद घेऊन ती पाडता येते. महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा संपली, की तेथील काही आईवडील मुलीला ही शस्त्रक्रिया भेट म्हणून देतात.

या उपचाराचा इतिहास उद्बोधक आहे. जपानी वैद्य मिकामो यांनी १८९६ साली जिची हकिकत नोंदविली, त्या स्त्रीच्या एकाच डोळ्याला घडी होती. दुसरा डोळा त्याच्या जोडीला आणावयाचा होता. १९५४ साली अमेरिकन शल्यविशारद मिलार्ड यांनी सोलमध्ये पापण्यांवर शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा डोळा पाश्चात्त्य दिसावा असा हेतू होता. पहिल्या प्रसंगी माप त्या स्त्रीच्याच चेहऱ्यातून घेतले होते. दुसऱ्या प्रसंगी ते परक्या चेहऱ्यावरून आले.

पापणी बाहुलीवर ओघळून बालकाची दृष्टी अधू होत असेल, तर शस्त्रक्रिया कर्तव्यच ठरते. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे काय? पोप बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, निधनापूर्वी पाचच दिवस, इटलीतील प्लॅस्टिक सर्जनांपुढे या प्रश्नाचा ऊहापोह केला. शारीरिक सौंदर्य त्यांनी चांगले मानले, परंतु त्याहून थोर मूल्यांच्या खाली ठेवले. शस्त्रक्रियेची योग्यायोग्यता त्यांनी हेतू आणि परिस्थिती पाहून ठरविली.

परंतु हेतू तरी कोणाचा? नोकरीच्या अर्जावर छायाचित्र मागणाऱ्या समाजात मुलीची इच्छा सर्वस्वी तिची उरत नाही. २०१७ साली कोरियन सरकारने सार्वजनिक संस्थांच्या भरतीतून छायाचित्र वगळले. कोणाच्याही पापणीला हात न लावता केलेला तोही एक उपचारच होय.

कोरियाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘गोरी वधू पाहिजे’ असे छापणारे आपणही परके मापच हाती धरतो. म्हणून त्या मुलीला गर्विष्ठ ठरविण्याची घाई करू नये. आईवडिलांनी मात्र भेट देण्यापूर्वी एवढे तपासावे: तिचा चेहरा आहे तसा आपल्याला आवडतो, हे आपण तिला कधी सांगितले होते काय? ते ऐकूनही तिने शस्त्रक्रिया मागितली, तर तिचा निर्णय खऱ्या अर्थाने तिचा असेल.