जाळीतील असन्निधान

हसनाबादच्या शिवारात, ओढ्याकाठच्या बोरी-घाणेरीच्या गचपणासमोर हिवाळ्यातील एका सकाळी मी दोन घटका बसून होतो, आणि तेवढ्या अवधीत माझ्या पदरी आले ते एक कोरडे 'चक्' आणि पानांआड सरकलेली एक मातकट छाया. चिमणीहून सडपातळ, वर तपकिरी, खाली मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट रेघ, एवढ्या हुलियावर कोणताही फौजदार कोणास अटक करणार नाही. वटवट्यांच्या कुळातील निम्मे इसम हाच हुलिया मिरवतात.

तरी माझा कयास ब्लिथच्या वटवट्यावर होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथने १८४९ साली त्यास 'डुमेटोरम', म्हणजे झुडपांच्या जाळ्यांतला, असे नाव दिले. आणि हसनाबादच्याच भोकरदन तालुक्यात महानुभाव पंथाचे 'जाळीचा देव' हे तीर्थ आहे, हा योगायोग मला निव्वळ शब्दखेळ म्हणून सोडवेना. पंथप्रवर्तक श्रीचक्रधरांच्या सन्निधानास मुकलेल्या अनुयायांना पंथाने असन्निधानाचा आचार दिला तो नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांच्या स्मरणाचा. उपमा थोडी धाडसाची आहे, हे कबूल. पण दृष्टीआडच्या वस्तूचा निश्चय कोणत्या साक्षीवर करावा, हा प्रश्न जाळीपुढे बसलेल्यासही चुकत नाही.

पाखराच्या बाबतीत मूर्ती ही सर्वांत दुबळी साक्ष ठरते. चेष्टा मात्र बोलकी: तळच्या अंधारात फांदीफांदीने सरकणे, चाहूल लागताच उडून न जाता अधिकच आत शिरणे, आणि थांबून थांबून तेच एक 'चक्'. निःसंशय निकाल हवा असेल तर पंखाच्या बाहेरील पिसांची परस्परांशी लांबी मोजावी लागते, आणि सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली त्या काळी अशा मोजणीसाठी पाखरू बंदुकीने पाडून हाती घेत. त्या परिश्रमांविषयी मला आदर आहे. पण ज्या ज्ञानाची पूर्तता होताच ज्ञेयाची चेष्टा कायमची थांबते, त्याला साक्षात्कार म्हणण्यास माझे मन धजत नाही. मी वहीत 'ब्लिथचा, कयासाने' एवढेच लिहिले.

लीळा राहिली. वसंत सरता सरता हा पाहुणा मध्य आशियाकडे, रशियाकडे परततो, आणि तेथल्या झुडपांत रात्र रात्र गातो, इतर पक्ष्यांच्या ताना चोरून आपल्या गाण्यात गुंफतो. आमच्या जाळीत त्यातले काहीच नाही; आमच्या वाट्याला ते 'चक्', तेही सकाळच्या पहिल्या प्रहरी आणि बोरीपलीकडून.