तो बघ!

आमच्या लहानपणी तारा तुटताना दिसला तर तो दुसऱ्याला दाखवू नये, असा घरात दंडक होता. का, ते कोणी धड सांगत नसे. आजी एवढेच म्हणे, की कोणाचे तरी पुण्य सरले; त्याच्या पतनाचा तमाशा काय करायचा? हा दंडक पहिल्याने मोडला तो दादाने. गच्चीवर अंथरुणात पडल्यापडल्या तो एकदम ओरडे, ‘तो बघ!’ आणि मी मान वळवीपर्यंत तारा कुठल्या कुठे गेलेला असे. मृग, रोहिणी, पुनर्वसू ही सारी मला त्याच्या बोटाच्या टोकावरून मिळाली. तेव्हा सत्तरी ओलांडल्यावर त्याने, ‘एकदा वाळवंटात जाऊन उल्कांचा पाऊस पाहायचाय,’ म्हटले, तेव्हा नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

२०२३ सालच्या डिसेंबरची १४ तारीख आम्ही मुद्दाम निवडली. दोनच दिवसांपूर्वी अमावास्या होऊन गेलेली. चंद्राची कोर संध्याकाळीच मावळून जाणार होती. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला खुरी नावाचे गाव आहे. तिथून उंटावर बसून वाळूच्या टेकड्यांत बरेच आत गेलो. उंटवाल्याने मोठ्या अगत्याने शेकोटी पेटवली आणि आम्ही ती विझवायला लावली. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, हे त्या थंडीत त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? तो बिचारा घोंगडी डोक्यावरून ओढून उंटाच्या कुशीत जाऊन बसला. शहाणा माणूस!

मिथुन राशीतून फाकल्यासारख्या दिसतात म्हणून या मिथुनेच्या उल्का. त्यांचे मूळ म्हणजे फेथॉन नावाचा एक लघुग्रह. १९८३ साली तो एका उपग्रहाच्या निरीक्षणांत सापडला. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जाऊन येतो, म्हणून त्याला ग्रीक पुराणातल्या सूर्यपुत्राचे नाव दिले. बापाचा रथ हाकायचा हट्ट धरून जळून खाली पडलेला तो पोरगा. त्याने मागे सांडलेल्या खड्यांच्या वाटेवरून पृथ्वी दर डिसेंबरात जाते. खडे म्हणजे तरी केवढे? बहुतेक वाळूच्या कणाएवढे. सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने हवेत शिरतात आणि ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात. खाली पाठीला टोचणारी वाळू आणि वर जळणारीही वाळूच, हे मनात आले आणि मला उगीचच हसू आले.

दहानंतर आकाश रंगात आले. मी ओरडावे, ‘तो बघ!’ आणि शेजारून दादाने म्हणावे, ‘वा!’ दोघेही बोटांच्या पेरांवर मोजत होतो. साठ वर्षांनी भूमिका तेवढ्या बदलल्या होत्या.

मध्यरात्रीच्या सुमारास एक उल्का आली. उल्का कसली, दिवाच. हिरवट पांढरी, पूर्वेकडून निघून डोक्यावरून थेट पश्चिमेपर्यंत गेली. वाळूवर क्षणभर उजेड पडला. घोंगडीतून उंटवालासुद्धा काहीतरी पुटपुटला. माझी वाचाच बसली. ‘तो बघ’ म्हणायचे राहून गेले. आणि शेजारी उताणा पडलेला दादा शांतपणे म्हणाला, ‘बराच वेळ झाला रे, एकही नाही.’

मी गप्प राहिलो. मग जे केले त्याचे समर्थन आजही मला करता येत नाही. रिकाम्या आकाशाकडे पाहत मी ओरडलो, ‘दादा, तो बघ!’

‘वा!’ दादा म्हणाला. ‘काय सुंदर!’

खोटे कोणी सांगितले? तसे पाहिले तर दोघांनीही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचे मत फार कडक. मारेकरी दाराशी येऊन मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटे बोलू नये, असे त्याने १७९७ साली लिहून ठेवले. आपले महाभारत त्याच्या उलट. लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना खरीखरी सांगणारा कौशिक ब्राह्मण त्या सत्यापायी नरकात गेला, असे कर्णपर्वात श्रीकृष्ण सांगतो. या हिशेबाने दादाचे ‘वा’ माफ. माझा आनंद विझू नये म्हणून तो रात्रभर न दिसलेल्या आकाशाला दाद देत होता. कांटसाहेबांनी हवे तर मला जाब विचारावा, दादाला नव्हे.

पण माझे काय? माझ्या तोंडून शब्द खोटा निघाला तो कोणाला वाचवायला नव्हे, पकडायला. तोही त्याच्या विश्वासाचाच उपयोग करून. ‘अश्वत्थामा मेला’ हे द्रोणांनी खरे मानले ते धर्मराज बोलला म्हणून; एरवी मानले नसते. त्या वाक्यासरशी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला म्हणतात. माझा रथ कधीच वर नव्हता, ही गोष्ट वेगळी. मी साधे विचारू शकलो असतो, ‘दादा, दिसते का रे नीट?’ धीर झाला नाही. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

पहाटे तंबूत कंदिलाच्या उजेडात दादाने पिशवीतून एक इवलीशी बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. ते थेंब मी ओळखतो. आईला काचबिंदू होता. समोरचे पुष्कळ दिवस दिसत राहते. पेपर वाचता येतो, माणूस ओळखू येतो. आधी कडेचे आकाश जाते. आणि उल्का काही आपण पाहतो तिथेच पडायला बांधलेल्या नसतात. बाटली त्याने माझ्यादेखत काढली, लपवली नाही. मीही काही बोललो नाही.

जीपमध्ये बसल्यावर त्याने विचारले, ‘किती झाले तुझे?’

‘त्र्याऐंशी,’ मी म्हणालो. त्यांत तो हिरवा दिवा होता. रिकाम्या आकाशातला अर्थात नव्हता.

दादाने पेरांवरून अंगठा फिरवला. ‘माझेही त्र्याऐंशीच,’ तो म्हणाला, आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला.